दाटीचे माप : मुंबईतील लोकसंख्या-घनतेच्या मोजणीचा इतिहास (१८६४ ते २०१८)

प्रस्तावना

शहरांविषयी लिहिताना 'दाट वस्ती' हा शब्दप्रयोग इतका अंगवळणी पडला आहे की, त्यामागे एक भागाकार असतो याचा सहसा विसर पडतो. अंशस्थानी माणसे, बिऱ्हाडे, खोल्या किंवा बांधकामाचे क्षेत्रफळ यांपैकी काहीतरी असते आणि छेदस्थानी जमीन असते. अंशात काय धरावे आणि छेदात कोणती जमीन धरावी याचा निर्णय मोजणारा करतो. तो निर्णय बदलला की, एकही माणूस न हलता शहराची घनता बदलते.

याचे ठळक उदाहरण मुंबईचेच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ इतकी होती. महानगरपालिकेचे ४३७.७१ चौरस किलोमीटर हे क्षेत्र छेदात धरले तर दर चौरस किलोमीटरला सुमारे २८,४०० माणसे येतात. जनगणनेच्या जिल्हावार तक्त्यांत मात्र मुंबई शहर जिल्ह्याचे क्षेत्र १५७ आणि उपनगर जिल्ह्याचे ४४६, म्हणजे एकूण ६०३ चौरस किलोमीटर दिले आहे. त्या हिशेबाने तीच घनता सुमारे २०,६०० वर उतरते. फरक एवढ्यावरच थांबत नाही. जनगणनेच्या तक्त्यानुसार मुंबई शहराची घनता १९,६५२ आणि उपनगरांची २०,९८० आहे, म्हणजे उपनगरे शहरापेक्षा अधिक दाट ठरतात. महानगरपालिकेच्या हिशेबाने मूळ बेटाची जमीन सुमारे ६८ चौरस किलोमीटर भरते. ती छेदात घातली की शहराची घनता सुमारे ४५,००० आणि उपनगरांची सुमारे २५,००० होते. क्रम उलटा होतो. दोन्ही आकडे सरकारी आहेत, दोन्ही भागाकार अचूक आहेत, आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून दोन्ही आकडे शेजारी शेजारी, जणू एकाच गोष्टीचे माप असल्याप्रमाणे, उद्धृत होताना दिसतात.

प्रस्तुत निबंधात या मापांचा इतिहास तपासला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईत दाटी मोजण्याचे एकक चार वेळा तरी बदलले. प्रथम एकरी माणसे मोजली गेली, नंतर खोलीतील माणसे, नंतर खोलीत पोहोचणारा उजेड आणि शेवटी भूखंडावरील बांधकाम. प्रत्येक वेळी राज्यकर्त्यांच्या मनात उपाय आधी ठरलेला होता आणि माप त्या उपायाला साजेसे निवडले गेले, असे या इतिहासावरून दिसते. या प्रवासात अंशस्थानचा माणूस हळूहळू नाहीसा झाला, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

पहिल्या मोजण्या आणि एकराचा हिशेब

मुंबई बेटाची पहिली पद्धतशीर खानेसुमारी १ फेब्रुवारी १८६४ रोजी डॉ. लीथ यांच्या देखरेखीखाली झाली. तीत ८,१६,५६२ माणसे मोजली गेली. पुढची मोजणी १८७२ मध्ये झाली तेव्हा ही संख्या ६,४४,४०५ भरली. आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे कमी झाली, याचा अर्थ काय लावावा? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला होता. गोद्या, भरावाची कामे, नव्या पेढ्या यांसाठी देशभरातून माणसे लोटली होती. १८६५ मध्ये तो फुगा फुटला आणि आलेली माणसे परतली. १८६४ ची मोजणी तेजीच्या ऐन भरात झाली होती, ही बाब लक्षात घेतली नाही तर 'मुंबई ओस पडली' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. शिवाय याच काळात भराव घालून बेटाची जमीन वाढत होती, म्हणजे अंश आणि छेद दोन्ही हलते होते.

या मोजण्या आरोग्यखात्याच्या गरजेतून झाल्या, हे विसरता येत नाही. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाले, आरोग्य अधिकाऱ्याचे पद अस्तित्वात आले, आणि पटकी, देवी, ताप यांच्या मृत्यूंची विभागवार नोंद ठेवली जाऊ लागली. इंग्लंडमध्ये त्या काळी रोगाचे मूळ कुजट हवेत आहे अशी समजूत होती. त्यामुळे एका एकरात किती माणसे श्वास घेतात हा प्रश्न तेथील आरोग्यशास्त्राला मध्यवर्ती वाटत असे. तो प्रश्न जसाच्या तसा मुंबईत आला. १८८१ ची मोजणी आरोग्य अधिकारी डॉ. वीअर यांच्याच हाती होती. विभागवार तक्ते तयार झाले, आणि कुंभारवाडा, खारा तलाव, उमरखाडी, भुलेश्वर, मांडवी ही नावे अहवालांतून 'दाट' या विशेषणासह पुनःपुन्हा येऊ लागली.

येथे सरासरीचा खेळ पाहण्यासारखा आहे. बेटाचे क्षेत्रफळ त्या काळी सुमारे २२ चौरस मैल धरले जाई. १९०१ च्या ७,७६,००६ या लोकसंख्येला त्याने भागले तर एकरी सुमारे ५५ माणसे येतात. हा आकडा मुळीच भयावह नाही. पण बेटाच्या उत्तर भागात तेव्हा भातशेती, माडाच्या वाड्या आणि खाजण होते. वस्ती सगळी कोट आणि भायखळा यांच्या दरम्यान एकवटली होती. त्या पट्ट्यातील काही विभागांत एकरी ५०० हून अधिक माणसे राहत होती. आजच्या नगररचनेच्या परिभाषेत पहिल्या आकड्याला स्थूल घनता म्हणतात. रस्ते, मैदाने, शेती, पाणथळ जागा सर्व धरून ती काढली जाते. केवळ निवासी जमीन छेदात घेऊन काढलेली ती निव्वळ घनता. विभागवार आकड्यांनी निव्वळ घनतेच्या दिशेने पहिले पाऊल टाकले. पण तेथेही छेद म्हणजे विभागाची सगळी जमीन, आणि जमिनीवर मजले किती हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. तळमजल्याच्या वस्तीत एकरी ३०० माणसे आणि चार मजली चाळींत एकरी ३०० माणसे, या दोन अगदी वेगळ्या स्थिती आहेत. एकराच्या मापाला त्या सारख्याच दिसतात.

प्लेग आणि पाडापाडीचे गणित

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या काही महिन्यांत मुंबईची जवळपास निम्मी वस्ती शहर सोडून गेली, असे तत्कालीन अंदाज होते. घरांची छपरे उचकटून ऊन आत घेतले गेले, भिंती धुतल्या गेल्या, आणि अनेक घरांवर ती मनुष्यवस्तीस अयोग्य असल्याची इंग्रजी आद्याक्षरे रंगवली गेली. कोणते घर अयोग्य, याचा निर्णय व्यवहारात तपासनिसाच्या नजरेने होई. परंतु कोणता विभाग अयोग्य हे ठरविण्यासाठी एकरी घनतेचे तक्ते तयारच होते.

१८९८ मध्ये कायद्याने 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. दाट विभाग पाडायचे, रुंद रस्ते काढून समुद्राचा वारा शहरात आणायचा आणि उत्तरेला नवी वस्ती वसवायची, असा त्याचा कार्यक्रम होता. नागपाड्याची योजना सर्वांत आधी हाती घेण्यात आली. सँडहर्स्ट रोड व प्रिन्सेस स्ट्रीट यांची आखणी त्याच धोरणातून झाली. एकरी घनतेचे माप या कार्यक्रमाला अगदी सोयीचे होते. एखाद्या विभागातील निम्मी घरे पाडली की तेथील एकरी घनता निश्चितपणे घटते, आणि तक्त्यात सुधारणा दिसू लागते. उठवलेली माणसे कोठे गेली हे सांगण्याची त्या मापाची ऐपत नव्हती. ती बहुधा शेजारच्या विभागातच गेली, कारण गोदी, बाजार आणि कारखाने यांपासून दूर राहणे त्यांना परवडणारे नव्हते. ट्रस्टने पहिल्या दोन दशकांत बांधल्या त्यापेक्षा अधिक खोल्या पाडल्या, ही गोष्ट आता इतिहासकारांत सर्वमान्य आहे. प्रशांत किदंबी यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात या धोरणामागील वर्गीय दृष्टी सविस्तर उलगडली आहे. तिला मोजणीच्या पद्धतीची साथ होती, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

प्लेगने मोजणीच्या विश्वासार्हतेलाही धक्का दिला. १९०१ ची लोकसंख्या १८९१ च्या ८,२१,७६४ या संख्येपेक्षा कमी भरली. १९०६ मध्ये आरोग्य अधिकाऱ्याने स्वतंत्र मोजणी केली तेव्हा ती ९,७७,८२२ निघाली. पाच वर्षांत दोन लाख माणसे जन्मास आली नव्हती. ती परतली होती किंवा नव्याने आली होती. मुंबईचा कामगार शिमग्याला आणि पेरणीला गावी जाणारा. कोणत्या महिन्यातील कोणत्या रात्री मोजणी झाली यावर त्याचे मुंबईकर असणे अवलंबून होते.

खोली, बिऱ्हाड आणि गावकी

१९०१ च्या खानेसुमारीचे मुंबईविषयक खंड एस. एम. एडवर्ड्स यांनी सिद्ध केले. त्यानंतरच्या दोन दशकांत लक्ष एकराकडून खोलीकडे वळले. १९११ च्या मोजणीत शहरातील दर दहा माणसांपैकी जवळजवळ सात माणसे एका खोलीच्या बिऱ्हाडात राहतात आणि अशा एका खोलीत सरासरी चारांहून अधिक माणसे असतात, असे दिसून आले. १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली आणि १९२५ मध्ये बर्नेट-हर्स्ट यांचा मुंबईतील कामगार व घरे यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांतून हेच चित्र अधिक गडद झाले.

खोलीतील माणसे मोजणे हे एकरातील माणसे मोजण्यापेक्षा निःसंशय अधिक मानवी माप होते. दाटी भोगली जाते ती खोलीत. तथापि गिरणगावातील जीवनापुढे हेही माप तोकडे पडले. रत्नागिरीतून किंवा घाटावरून आलेला कामगार कुटुंब गावी ठेवून येई आणि गावकीच्या खोलीत राही. एकाच गावचे वीस-पंचवीस गडी मिळून एक खोली भाड्याने घेत. प्रत्येकाची वळकटी, ट्रंक आणि खुंटी ठरलेली असे. जेवण खाणावळीत होई. दिवसपाळीचे गडी कामावर जात तेव्हा रातपाळीचे येऊन झोपत. धोबी तलाव आणि माझगाव भागात गोव्यातील गावांनी चालविलेले क्लब होते, त्यांना 'कूड' म्हणत. त्यांचे सभासद बहुतांश खलाशी असल्याने जहाजे बंदरात असतील त्याप्रमाणे एकाच जागेतील माणसांची संख्या कमी-जास्त होई. मोजणीच्या रात्री खोलीत सापडलेली माणसे आणि त्या खोलीवर ज्यांचे जगणे अवलंबून आहे अशी माणसे या दोन निरनिराळ्या संख्या होत्या. चाळीतील व्हरांडा, जिना, गच्ची आणि रस्त्याची कड ही झोपण्याची जागा खोलीच्या हिशेबात कधीच आली नाही. घर म्हणजे एक कुटुंब व त्याच्या खोल्या, ही इंग्लंडमधील कल्पना या मापाच्या मुळाशी होती. मुंबईत घराचा अर्थच निराळा होता.

सरकारचे उत्तर १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास खात्याच्या, म्हणजेच आज 'बीडीडी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाळींच्या रूपाने आले. ५०,००० खोल्यांचा संकल्प होता. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी आणि सोळा हजारांहून थोड्या अधिक खोल्या उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. बांधल्यानंतर कित्येक वर्षे यांतील हजारो खोल्या रिकाम्या होत्या, कारण भाडे जास्त आणि जागा कामापासून दूर. दाटी 'माणशी खोल्या' या हिशेबात पाहिली की खोल्या बांधणे हा उपाय सुचतो. भाडे आणि अंतर हे घटक त्या हिशेबात बसत नाहीत.

उजेडाचा कोन

या काळातील सर्वांत विचारप्रवर्तक माप जे. पी. ऑर यांनी पुढे आणले. सनदी अधिकारी असलेले ऑर १९०९ पासून ट्रस्टचे अध्यक्ष होते. घरांतील उजेड आणि हवा या विषयावर त्यांनी १९१२ च्या सुमारास व्याख्याने दिली आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम मांडला. नियम असा : खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेषा काढली तर तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा अधिक असू नये. या कोनाचे गणित सोपे आहे. समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी, एवढाच त्याचा अर्थ. चाळीस फूट उंच चाळीसमोर किमान वीस फूट मोकळी जागा हवी. इंग्लंडमध्ये पंचेचाळीस अंशांचा दंडक आदर्श मानला जाई; मुंबईच्या उंच सूर्याचा आणि महाग जमिनीचा विचार करून ऑर यांनी तो सैल केला.

या नियमाचे वैशिष्ट्य असे की त्याने माणसेही मोजली नाहीत आणि जमीनही मोजली नाही. तळमजल्यावरील सर्वांत वाईट खोलीला आकाश दिसते की नाही, एवढेच त्याने विचारले. सरासरीचा मोह येथे उद्भवतच नाही, कारण मोजायचे असते ते सर्वांत वाईट ठिकाणी. शिवाय पाडापाडीऐवजी चाळीचा एखादा मजला किंवा मधली एक ओळ काढून अंधाऱ्या खोल्या उजळविण्याचा मार्ग त्यातून खुला होत होता. पॅट्रिक गेडिस हे १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. भारतीय नगरांतील सरसकट पाडापाडीला विरोध करून मोजक्या ठिकाणी हलका हात लावण्याचा जो आग्रह त्यांनी धरला, त्याच्याशी ऑर यांच्या नियमाचे नाते जवळचे आहे, जरी ट्रस्टच्या कारभाराविषयी दोघांची मते जुळणारी नव्हती. १९१५ मध्ये मुंबई प्रांताचा नगररचना कायदा झाला. दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहतींत इमारतींची उंची व मोकळ्या जागा यांची काळजीपूर्वक आखणी झाली. पण तेथे राहावयास गेला तो मध्यमवर्ग. गिरणगाव होते तसेच राहिले.

चटई क्षेत्र निर्देशांक : माणसाविना घनता

दरम्यान इंग्लंडमध्ये घनतेची चर्चा वेगळ्या वळणाने गेली. रेमंड अन्विन यांनी १९१२ मध्ये एकरी बारा घरांचा पुरस्कार केला. १९४३ च्या लंडन परगण्याच्या आराखड्यात फोरशॉ व अॅबरक्रॉम्बी यांनी एकरी २००, १३६ आणि १०० माणसे असे तीन निव्वळ घनतेचे पट्टे आखले. युद्धोत्तर काळात शहरांच्या मध्यवर्ती व्यापारी भागांची पुनर्बांधणी करताना कार्यालयांच्या इमारतींसाठी माणसांची मोजणी निरुपयोगी ठरली, कारण कार्यालयात कोणी राहत नाही. तेव्हा मजल्यांच्या एकूण क्षेत्रफळाला जमिनीने भागण्याची पद्धत पुढे आली. न्यूयॉर्कच्या १९६१ च्या झोनिंग नियमांनीही तेच तत्त्व स्वीकारले.

मुंबईत हे माप १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर आले. त्याआधी भूखंडाचा किती भाग मोकळा सोडावा, रस्त्याच्या रुंदीच्या मानाने उंची किती असावी, असे नियम होते. स्वातंत्र्यानंतर मोडक आणि मेयर यांनी १९४८ मध्ये बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा मांडली होती. पुढे उपनगरे महापालिकेत आली आणि शहराची सीमा विस्तारली. १९६७ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्याने चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला एफएसआय, हे नियंत्रणाचे मुख्य साधन केले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत तो मूळ शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ असा ठरला.

सर्वसामान्य समजूत अशी की, एफएसआय कमी म्हणजे वस्ती विरळ आणि जास्त म्हणजे वस्ती दाट. ही समजूत कितपत टिकते ते एका साध्या हिशेबाने पाहता येईल. १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर १.३३ निर्देशांकाने १,३३० चौरस मीटर बांधकाम होते. तेथे २५ चौरस मीटरची घरे बांधली आणि घरटी साडेचार माणसे धरली तर ५३ बिऱ्हाडे आणि सुमारे २४० माणसे राहतील. तेथेच १२० चौरस मीटरची घरे बांधली आणि घरटी साडेतीन माणसे धरली तर ११ बिऱ्हाडे आणि जेमतेम ४० माणसे. निर्देशांक तोच, माणसे सहापट. दुसऱ्या बाजूने पाहता, गावठाणातील किंवा झोपडपट्टीतील एक-दोन मजली बांधकामाचा निर्देशांक मध्यम भरतो, पण निव्वळ घनता अतिशय मोठी असते. धारावीच्या लोकसंख्येचे अंदाज ३ लाखांपासून १० लाखांपर्यंत दिले जातात. अंशच इतका अनिश्चित असता तेथील घनतेचा कोणताही आकडा छातीठोकपणे सांगणे धाडसाचे आहे.

थोडक्यात, कार्यालयांसाठी घडविलेले माप घरांना लावले गेले. बांधकाम परवानगीच्या दृष्टीने ते फार सोयीचे आहे. नकाशावर मोजता येते, विकता येते, हस्तांतरित करता येते. १९९१ च्या नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्काची तरतूद केल्यावर एका भूखंडाचे माप दुसऱ्या भूखंडावर नेता येऊ लागले. जिने, सज्जे, वाहनतळ अशा कित्येक गोष्टी निर्देशांकातून वगळल्या जात. २०१२ मध्ये त्यांपैकी काही आत घेऊन त्या बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के 'फंजिबल' क्षेत्र देण्यात आले. कागदावरील निर्देशांक आणि डोळ्यांना दिसणारी इमारत यांचा मेळ बसत नाही तो यामुळे. मोजण्याचे साधन हेच चलन झाले की ते कितपत प्रामाणिक राहते, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी हाती घेण्याजोगा आहे.

मुंबईचा निर्देशांक जगातील मोठ्या शहरांच्या तुलनेने अतिशय कमी असल्याने तो वाढवावा, असा युक्तिवाद १९९० नंतर जोराने मांडला गेला. त्यात तथ्य नाही असे नाही. जागेच्या टंचाईने भाव वाढतात हे उघड आहे. मात्र या तुलनेतील उणीव शिरीष पटेल आणि त्यांचे सहलेखक यांनी २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त दाखवून दिली. निर्देशांक फक्त भूखंडाचा विचार करतो. माणशी रस्ता किती, मैदान किती, शाळेची जागा किती, आणि माणशी घरातील जागा किती, हे त्यातून कळत नाही. मॅनहॅटनमध्ये निर्देशांक मोठा आहे, कारण तेथील माणूस मुंबईकराच्या कितीतरी पट जागा वापरतो. शिवाय तेथे रस्त्यांना वाहिलेला जमिनीचा हिस्साही मोठा आहे. मुंबईत माणशी जागा तीच ठेवून निर्देशांक तेवढा केला तर रस्त्यावरील गर्दी कोणत्या थराला जाईल याचा विचार त्या तुलनेत नाही. २०३४ च्या विकास आराखड्याचा मसुदा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात स्थानकांजवळ ८ पर्यंत निर्देशांक सुचविला होता. तीव्र आक्षेपांमुळे तो मसुदा फेरविचारासाठी परत घ्यावा लागला, आणि सुधारित नियमावली २०१८ मध्ये मंजूर झाली.

किमान दाटी

घनतेचे नियम सामान्यतः कमाल मर्यादा घालतात. १९९१ च्या नियमावलीतील झोपडपट्टी पुनर्वसनाच्या कलमाने मात्र किमान मर्यादा घातली : निव्वळ हेक्टरी किमान ५०० गाळे. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले आणि पुढे ही किमान संख्या ६५० करण्यात आली. गाळा प्रथम २२५ चौरस फुटांचा, २००८ नंतर २६९ चौरस फुटांचा, आणि २०१८ च्या सुमारास ३०० चौरस फुटांचा झाला. घरटी साडेचार माणसे धरली तर ५०० गाळे म्हणजे हेक्टरी २,२५० माणसे. लंडनच्या १९४३ च्या आराखड्यातील सर्वांत दाट पट्टा हेक्टरी ५०० च्या आत भरतो. बॉम्बस्फोटांनी उद्ध्वस्त झालेल्या लंडनने जी कमाल मर्यादा ठरविली, तिच्या साडेचारपट मुंबईने गरिबांसाठी किमान म्हणून ठरविली. या तरतुदीमागील हेतू समजण्यासारखा आहे : थोड्या जमिनीवर पुनर्वसन आटोपले की उरलेल्या जमिनीवर विक्रीची घरे बांधता येतात, आणि त्या विक्रीतूनच पुनर्वसनाचा खर्च निघतो. येथेही उपाय आधी ठरला आणि माप नंतर आले.

परिणाम पूर्व उपनगरांतील पुनर्वसन वसाहतींत दिसतात. गोवंडी-मानखुर्द परिसरातील काही वसाहतींत सात-आठ मजली इमारती अवघ्या ३ मीटर अंतरावर उभ्या आहेत. ऑर यांचा नियम लावला तर २४ मीटर उंचीला १२ मीटर मोकळी जागा हवी. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने याच परिसरात केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अपुरा उजेड व वारा आणि क्षयरोगाचे प्रमाण यांचा संबंध दाखविण्यात आला. १९१२ च्या व्याख्यानांतील चिंता शंभर वर्षांनी जवळजवळ त्याच शब्दांत परत आली, पण यावेळी अंधाऱ्या खोल्या खासगी घरमालकाच्या नव्हत्या. त्या सार्वजनिक योजनेखाली, नियमानुसार बांधलेल्या होत्या. निर्देशांकाच्या तक्त्यात त्यांत कोणताही दोष आढळत नाही.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर देण्याची ही योजना आहे. घरातील दाटी यामुळे निश्चितच कमी होते. त्याच वेळी त्याच जमिनीवर विक्रीची घरेही येत असल्याने बिऱ्हाडांची एकूण संख्या वाढते, निर्देशांक अनेक पटींनी वाढतो आणि माणशी मैदान घटते. दाटी घटली की वाढली, याला एका आकड्यात उत्तर नाही; खोलीच्या मापाने एक उत्तर मिळते, एकराच्या मापाने दुसरे आणि कोनाच्या मापाने कदाचित तिसरे.

अंशाचा प्रश्न अजून उरतो. एकोणिसाव्या शतकात ज्या विभागांनी आरोग्य अधिकाऱ्यांची झोप उडविली होती, त्यांपैकी भुलेश्वर-कुंभारवाड्याचा परिसर आज सी वॉर्डात येतो. त्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे २ लाख होती, २०११ मध्ये ती १.६६ लाखांवर आली. खोल्यांच्या जागी गोदामे, पेढ्या आणि कारखाने आले. राहणारी माणसे उपनगरांत गेली. पण सकाळी दहा ते रात्री आठ या वेळेत तेथील गल्ल्यांत जी माणसे असतात ती जनगणनेच्या दृष्टीने कल्याण, विरार किंवा मानखुर्दची असतात. घनतेचा तक्ता रात्रीचा आहे, आणि या वॉर्डाचे जीवन दिवसाचे.

२०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असल्याची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. त्यामुळे २०१८ च्या नियमावलीनुसार मंजूर झालेल्या इमारतींच्या भोवती किती माणसे राहतात, त्यांना किती रस्ता आणि किती पाणी लागेल, याचे हिशेब २०११ च्या लोकसंख्येत अंदाजाची भर घालूनच झाले आहेत. छेदात ४३७.७१ घ्यावे की ६०३, हे ठरविण्याचे काम तर त्या जनगणनेपुढेही आहेच.